थिसिसमधला 'मानव' आणि दुसऱ्या टेबलावरचा माणूस: यांचा सांधा कुठे?

कीबोर्डवाला_लॉकॉलेज

नागपूरच्या लॉ कॉलेज चौकाच्या अलीकडे माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. टाइपरायटरवर हात बसला, मग श्रीलिपी, आता युनिकोड. दुकानात दोन टेबलं. एकावर पीएच.डी.वाल्यांचे थिसिस, दुसऱ्यावर प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार आणि जात पडताळणीच्या फायली. लोकांना वाटते टायपिंगवाला नुसती बोटं चालवते. पण भाऊ, दिवसभर टाइप करता करता वाचल्या जाते, आणि वाचलं की डोक्यात राहते.

सध्या एका ताईचा तत्त्वज्ञानाचा थिसिस करून राहिलो. विषय असा, की माणूस म्हणजे काय याबद्दलच्या कल्पना कशा बदलत गेल्या. या धाटणीचं काम आधीही हाताखालून गेलं आहे, आणि सगळ्यांची गाडी एकाच लायनीवरून जाते. ॲरिस्टॉटल आला, विवेक असणारा प्राणी म्हणजे माणूस. मग देकार्त, कांट, डार्विन, सार्त्र असे युरोपातले विचारवंत, आणि शेवटचं स्टेशन फुको. त्यानंतर नवीन पान, नवीन प्रकरण, 'भारतीय परिप्रेक्ष्य', आणि तिथे एकदम बुद्ध आणि बाबासाहेब. मधात सांधाच नाही. मी ताईला विचारलं, हे प्रकरण शेवटीच काहून? ती म्हणे, काका, सगळे तसंच करतात.

आता दुसऱ्या टेबलाचं सांगतो. ताईचं डार्विनचं पान लावून राहिलो होतो तेव्हा विमुक्त जातीतला एक पोरगा फाईल घेऊन आला. इंजिनिअरिंगला नंबर लागला आहे, वैधता प्रमाणपत्र पाहिजे. त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, घराण्याची जात लिहिलेला कागद लागते. आजोबा शाळेत गेले नाहीत म्हणून दाखल-खारीज रजिस्टरमध्ये नाव नाही. जमीन नव्हती म्हणून सातबारा नाही. जन्म पालावर झाला, तं कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, कोण लिहिते? सोबत त्याचा काका होता. तो म्हणे, बुढा पोलिसाकडे हजेरी द्यायला जाये, अंगठा लावे, ती वही कुठे सापडली तं काम होईल. मी की-बोर्डवरचे हात काढले. ज्या वहीने आजोबाला जन्मापासून गुन्हेगार ठरवलं, तीच वही आज नातवाच्या कामाची!

आणि समोर स्क्रीनवर काय होतं? डार्विन, १८७१. त्या वर्षीच्या पुस्तकात त्याने माणसाबद्दल उघड लिहिलं, की माणूस आणि बाकी प्राणी यांच्यातला फरक कमी-जास्तीचा आहे, प्रकाराचा नाही, आणि जगातले सगळे मानववंश एकाच पूर्वजाचे. त्याच १८७१ मध्ये आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा आला. आख्ख्या जमातींची नोंदणी, हजेरी, गाव सोडायचं तं परवानगी. आधी उत्तरेकडे लागला, पुढे देशभर पसरला, रद्द झाला तो १९५२ च्या ऑगस्टमध्ये, तेव्हापासून या जमाती 'विमुक्त'. लंडनमध्ये ज्या वर्षी माणूस आणि माकडामधली भिंत पडली, त्याच वर्षी त्याच राज्यकर्त्यांनी माणसामाणसात नवीन भिंत बांधली.

तं जाणकारांना प्रश्न असा. माणसाची कल्पना खरंच बदलत गेली, की कल्पना तीच राहिली आणि फक्त आत कोणाला घ्यायचं हे बदललं? आणि ताईच्या थिसिसमध्ये जो सांधा नाही तो कुठे आहे? जड भाषा चालेल, मी रोज टाइप करतो. पण गोल गोल नको.

---

निवृत्त_मास्तर

वर्ध्याच्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालो. तुमचा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला असता तर तासाचं काम सोडून त्यावरच बोललो असतो.

व्याख्येचं दुखणं मुळापासूनचं आहे. प्लेटोने म्हणे माणसाची व्याख्या केली, पिसं नसलेला दोन पायांचा प्राणी. डायोजेनिसने एक कोंबडा सोलून आणला आणि म्हणाला, हा घ्या प्लेटोचा माणूस. मग व्याख्येला शेपूट जोडलं, 'रुंद नखं असलेला'. गोष्ट ऐकीव असेल, पण पुढची दोन हजार वर्षं हेच चाललं.

ॲरिस्टॉटलचं 'विवेकी प्राणी' थिसिसमध्ये एका ओळीत येतं, पण त्याच्याच राज्यशास्त्रावरच्या लेखनात काही माणसं 'स्वभावतःच गुलाम' आहेत. त्यांना विवेक समजतो, स्वतःचा नसतो. स्त्रियांमध्ये विचारशक्ती आहे, पण तिला अधिकार नाही. म्हणजे व्याख्या दिली त्याच दमात दारावर पहारेकरी बसवला.

हे जुनं झालं म्हणून सोडून देऊ नका. १५५०-५१ मध्ये स्पेनच्या राजाने वायादोलिद गावी पंडितांची सभा भरवली. मुद्दा असा, की अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना युद्ध करून ताब्यात घेणं न्याय्य आहे का? सेपुल्वेदा नावाच्या पंडिताने ॲरिस्टॉटलचा तो 'स्वभावतःच गुलाम' बाहेर काढला. लास कासास नावाच्या धर्मगुरूने उलट बाजू लढवली, ही पूर्ण माणसं आहेत म्हणून. मोठा माणूस. पण त्याच लास कासासने आधी एकदा सुचवलं होतं, की इथल्या लोकांचे हाल थांबवायला आफ्रिकेतून गुलाम आणा. पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. एकासाठी दार उघडताना दुसऱ्यासाठी बंद कसं होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

कांटचंही तेच. १७८५ मध्ये त्याने लिहिलं, वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. आजच्या मानवी हक्कांच्या भाषेचा पाया तिथे आहे. आणि १७६४ मध्ये त्यानेच एका कृष्णवर्णी सुताराचं बोलणं उद्धृत करून लिहिलं होतं, की हा नखशिखांत काळा होता, म्हणजे तो बोलला ते मूर्खपणाचं असल्याचा हाच पुरावा. शिकवताना मी हे दोन्ही उतारे एका तासाला वाचून दाखवत असे. मुलं अस्वस्थ होत. व्हायलाच हवं.

तुमच्या दोन पर्यायांत मी दुसऱ्याकडे झुकतो. पण पूर्ण नाही. लिहीन सावकाश.

---

कीबोर्डवाला_लॉकॉलेज

मास्तर, सुताराचं ऐकून डोकं गरम झालं. ताईच्या कांटमध्ये फक्त प्रतिष्ठा आहे, सुतार नाही.

---

खामल्याची_सिस्टर

मी आयसीयूत काम करते, त्यामुळे पुस्तकातलं नाही, ड्युटीवरचं सांगते.

१९६८ पर्यंत हृदय थांबलं की माणूस गेला, एवढं सरळ होतं. व्हेंटिलेटर आले आणि मेंदू गेलेला असताना छाती वरखाली होताना दिसू लागली. त्या वर्षी हार्वर्डच्या समितीने मेंदू कायमचा बंद पडणं हाही मृत्यू मानावा असं सुचवलं. आपल्याकडे १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आला, त्यात मस्तिष्क स्तंभ मृत्यू आहे. चार डॉक्टर लागतात. डोळ्यांवर टॉर्च मारून बाहुली हलते का पाहतात, बुबुळाला कापसाची वात लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, शेवटी व्हेंटिलेटर काढून कार्बन डायऑक्साइड वाढला तरी स्वतःहून श्वास येतो का ते पाहतात. कमीत कमी सहा तासांनी हे सगळं पुन्हा. त्या सहा तासांत आम्ही त्या बॉडीला, नाही, त्या पेशंटला, कूस बदलून देतो, तोंड पुसतो, डोळ्यांत मलम घालतो. मी तर 'काका, कूस बदलते हं' असं बोलतेसुद्धा. नवीन मुली हसतात. नंतर त्याही बोलायला लागतात.

पण तुमच्या प्रश्नासाठी खरी गोष्ट पुढची आहे. घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला तर तो माणूस कायद्याने मृत. नाही म्हणाले तर त्याच तपासण्या, तेच रिझल्ट, तोच बेड, आणि बहुतेक ठिकाणी मशीन चालूच राहतं, कारण दानाच्या बाहेर कायदा तेवढा स्पष्ट नाही. म्हणजे माणूस आहे की गेला, हे नातेवाइकाच्या सहीवर. तुमचे तत्त्वज्ञ याला काय म्हणतील ते म्हणोत. 'मी विचार करतो म्हणून मी आहे' म्हणणाऱ्या देकार्तच्या हिशेबाने विचार बंद म्हणजे विषय संपला. मग मी बोलते कोणाशी?

---

कीबोर्डवाला_लॉकॉलेज

सिस्टर, तिथेही कागद आणि सहीच निघाली म्हणायची. माझ्याकडे प्रतिज्ञापत्राची सुरुवात ठरलेली असते, 'मी खाली सही करणार, नाव अमुक, वय अमुक, धंदा अमुक, राहणार अमुक, सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की'. चार रकान्यांत माणूस बसते. ज्याचा धंदा आणि राहणार हे दोन्ही रकाने कोरे, त्याच्यापाशी येऊन माझं बोट थांबते. त्या पोराच्या काकाचा 'राहणार' काय लिहू?

---

दहानंबर_पुलिया

जय भीम. इंदोऱ्याची आहे, शाळेत शिकवते.

सांधा हवा आहे ना? मग 'भारतीय परिप्रेक्ष्य' हे नावच आधी खोडायला सांगा तुमच्या ताईला. पश्चिमेने विचार केला तो मानवाचा, आणि आपल्याकडे झाला तो 'परिप्रेक्ष्य', असं कसं? महाडचं घ्या. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसा ठराव केला. कागदावर दार उघडं. प्रत्यक्षात चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, आणि ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांना तिथे फिरकता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन गेले आणि पाणी प्याले. नंतर सनातन्यांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी जे सांगितलं त्याचा आशय असा, की आम्ही तळ्यावर जाणार ते काही नुसतं पाणी प्यायला नाही, इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत हे प्रस्थापित करायला. आणि त्याच भाषणात त्यांनी ती सभा १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेच्या रांगेत ठेवली. स्वतः, उघड, नाव घेऊन. तुमचा सांधा तो. थिसिसवाल्यांनी वेगळा घडवायची गरज नाही, करणाऱ्यानेच करून ठेवलाय.

दुसरा सांधा अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचा. १९१३ ते १६ बाबासाहेब तिथे होते, तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंचे विद्यार्थी. ड्यूईंच्या विचारात माणसाचा स्वभाव तयार होऊन येत नाही, तो एकमेकांबरोबरच्या जगण्यातून घडतो. आता धम्माबद्दल बाबासाहेब काय म्हणतात पाहा. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोन माणसं नात्यात आली की धम्माला जागा करून द्यावीच लागते, आवडो न आवडो. माणसाच्या आत काय आहे, आत्मा की विवेक की आणखी काही, हा प्रश्नच त्यांनी बाजूला सारला. दोघांच्या मधे काय आहे ते विचारा.

आणि हे अचानक आलेलं नाही. बौद्ध भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं, रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? नाही ना, मग रथ कुठे आहे? माणसाचंही तसंच, पाच स्कंध, म्हणजे शरीर-मनाचे पाच घटक, एकत्र आले, त्याला नाव दिलं. आत बसलेला कोणी मालक नाही. आत काही कायमचं नसेल तर जन्माने कोणी उच्च की नीच हे ठरवणारं तरी काय उरलं?

१४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात एक आहे, सर्व माणसं समान आहेत असं मी मानतो. लगेच पुढची, समता स्थापन करण्याचा मी प्रयत्न करीन. माझी आजी त्या मैदानात होती. तिला विचारलं की ती मानण्याबद्दल काही बोलत नसे, नव्या लुगड्याबद्दल बोले. पांढरं लुगडं उसनं मिळेना म्हणून तिने चांदीचे वाळे मोडून विकत घेतलं होतं.

---

फुकोचा_भाचा

बे, सगळे इतके सिरियस काहून होऊन राहिले? शेवटच्या स्टेशनवर कोणी उतरलंच नाही. फुको १९६६ मध्ये सांगून गेला, की 'माणूस' ही कल्पनाच ताजी आहे, आणि समुद्रकाठच्या वाळूवर काढलेल्या चेहऱ्यासारखी पुसल्या जाईल. पुसायचं काम सुरूपण झालं. अवजार करतो तो माणूस म्हणायचे, १९६० मध्ये जेन गुडालने चिंपांझीला काडी सोलून वारुळातली वाळवी काढताना पाहिलं, ते गेलं. आपण शुद्ध सेपियन म्हणायचो, २०१० ला निअँडरथल या नामशेष मानवाचा जीनोम वाचला, तं आफ्रिकेबाहेरच्या लोकांत थोडा निअँडरथल निघाला. भाषा उरली होती. देकार्तने १६३७ मध्ये लिहिलं होतं, की यंत्र शब्द काढेल, पण समोरचा काय बोलला ते पाहून जागच्या जागी उत्तर जुळवणं त्याला कधी जमणार नाही. ते आता माझ्या मोबाइलला जमते. मग काय, मोबाइलचं आधार कार्ड काढायचं?

---

कीबोर्डवाला_लॉकॉलेज

भाचे, आधार कार्ड काढायला ये, झेरॉक्स फुकट देतो.

पण तू बोलला ते फेकण्यासारखं नाही. आजकाल पोरं सिनॉप्सिस मशीनकडून लिहून आणतात, मी फक्त मार्जिन लावतो. वाचताना कळते, वाक्यं गुळगुळीत आणि कुठेच अडत नाहीत. देकार्तची परीक्षा मशीन पास झालं असं धरू. तरी माझ्या दुकानात कोणी मशीनला बाकावर सरकून जागा देत नाही. आणि सिस्टरचे काका त्या परीक्षेत नापास, तरी ती त्यांना सांगून कूस बदलते. म्हणजे आपण एकमेकाला माणूस म्हणत आलो ते ही परीक्षा घेऊन नाही. ती नंतर लावली, आणि जास्त करून कोणाला तरी बाहेर ठेवायचं होतं तेव्हाच लावली.

---

निवृत्त_मास्तर

इथे मात्र मला हात वर करू द्या. पुलियावाल्या बाईंचं बहुतेक सगळं मान्य. पण व्याख्या सोडून नुसत्या नात्यावर माणूसपण टांगलं तर ज्याचं कोणाशी नातंच नाही त्याचं काय? सिस्टरच्या वॉर्डात बेवारस पेशंट येतो, त्याच्यासाठी सही करायला कोणी नाही. अशा माणसासाठी कांट लागतो. कोणी आपलं मानो न मानो, त्याची प्रतिष्ठा त्याच्याजवळच असते, असं म्हणणारं तत्त्व लागतं. नातं ठरवणारे लोक म्हणजे गाव, आणि गाव काय करतं ते महाडने दाखवलंच. सुताराबद्दल कांट चुकला, हेही आपण कांटच्याच मापाने म्हणू शकतो.

---

दहानंबर_पुलिया

मास्तर, बरोबर. म्हणून तर बाबासाहेबांनी दोन्ही केलं. संविधानाच्या कलम १७ मध्ये गावाला विचारलेलं नाही. अस्पृश्यता नष्ट, संपलं. हा तुमचा कांट. पण संविधान लागू झाल्यावर सहा वर्षांनी ते नागपूरला आले, कारण कलमाने विहीर उघडते, शेजारी उघडत नाही. महाडच्या तळ्याचा निकाल हायकोर्टाने १९३७ मध्ये आपल्या बाजूने दिला होता. निकाल होता तरी दीक्षाभूमी लागलीच ना? आणि बेवारस माणसाचं म्हणाल, तर धम्मातल्या त्या दोन माणसांतली दुसरी सिस्टर आहे. ओळख असायची अट कुठे घातली आहे?

---

खामल्याची_सिस्टर

बेवारसांसाठी आम्ही रजिस्टरमध्ये 'अनोळखी पुरुष' लिहितो आणि बेड नंबरने हाक मारतो. नाइटच्या मावशी मात्र प्रत्येकाला काहीतरी नाव ठेवतातच. मागच्या महिन्यातला 'बाबूराव' होता. फाईल त्याच नावाने शोधायचो सगळ्या.

---

कीबोर्डवाला_लॉकॉलेज

सगळ्यांचे आभार. माझ्यापुरतं काय निघालं ते लिहितो, पटलं नाही तं ठोका.

कल्पना बदलत गेली हे खरं, पण ती तत्त्ववेत्त्याच्या टेबलावर कमी बदलली. ज्याला बाहेर ठेवलं तो दारावर येऊन उभा राहिला तेव्हा जास्त बदलली. ॲरिस्टॉटल ते फुको ही यादी आहे दार बांधणाऱ्यांची आणि दुरुस्त करणाऱ्यांची. ठोठावणाऱ्यांची यादी आपण वेगळ्या प्रकरणात, वेगळ्या नावाने, शेवटी टाकतो. म्हणून सांधा दिसत नाही. मास्तरांचा कांट मी काढून टाकत नाही, पण सुतार त्याच पानावर पाहिजे, तळटीपेत नाही.

ताईला थ्रेड वाचायला दिला. तिने 'भारतीय परिप्रेक्ष्य' खोडलं, महाड उचलून दुसऱ्या प्रकरणात १७८९ च्या पाठोपाठ लावलं आणि ड्यूईसाठी नवीन सहा पानं आणून दिली (रेट तोच, ताईचं आहे म्हणून). गाइडकडून कच्ची प्रत परत आली. महाडच्या समासात पेन्सिलने एकच शब्द आहे, 'कालक्रम?'

मास्तर, गाइडला काय उत्तर द्यायचं ते तुमच्या भाषेत दोन परिच्छेदांत लिहून देता का? सोमवारी प्रिंट काढायची आहे.

---

निवृत्त_मास्तर

रविवारी रात्रीपर्यंत पाठवतो. तोवर त्या पोराच्या काकाला विचारा, हजेरी कोणत्या पोलीस ठाण्यात लागत असे. तिथे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येईल, मसुदा मी करून देतो. वही उरली असेलच असं नाही. पण विचारायला हवं.